महाराष्ट्राच्या खाली नेमकं काय आहे? लेकीच्या प्रश्नावर अडकलेय, कोणी समजावून सांगेल का

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय.

आम्ही नांदेडला असतो, सासर हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या बाजूला. तिकडे जमिनीतून आवाज येणं काही नवीन नाही, सासूबाई सांगतात गडगड होते, मांडणीवरची भांडी वाजतात आणि मग सगळं शांत. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा धक्का बसला तेव्हा आम्ही नेमके गावी होतो, माळवदातून माती अंगावर पडली, आणि तेव्हापासून लेकीच्या डोक्यात हाच विषय बसलाय.

ती आता नववीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी कापून दाखवलेली आकृती असते ना, वर पातळ भूकवच, मग प्रावरण, मग गाभा, आणि आतलं सगळं लाल-पिवळं. तिचं म्हणणं असं की आई, सर सांगतात महाराष्ट्र लाव्हापासून बनलाय, आणि खाली बघितलं तर सगळं लालच आहे, म्हणजे तापलेल्या दुधावर साय असते तसे आपण लाव्हावर बसलोय का, आणि तो आवाज म्हणजे खालचा लाव्हा वर यायला बघतोय का? पुढचा प्रश्न, भूकंप प्लेटच्या, म्हणजे भूकवचाच्या मोठ्या सरकत्या तुकड्यांच्या, कडेला होतात असं पुस्तकात आहे मग लातूर तर पार मधोमध आहे, तिथे कसा झाला?

माझं शिक्षण कॉमर्सचं, मला काही सांगता आलं नाही. गावात कोणी म्हणतं बोअर मारून मारून जमीन पोकळ झाली म्हणून आवाज येतो, कोणी म्हणतं ज्वालामुखी निघणार. रात्री आवाज आला की पोरगी झोपत नाही. तिला नुसतं घाबरू नको म्हणून चालत नाही, कारण विचारते. जमेल तेवढं साध्या भाषेत सांगा प्लीज.

काळापाषाण:

ताई, लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय, आणि चूक तिची नाही, त्या रंगाची आहे. मी भूशास्त्रातला माणूस, बोअरमधून खडकाच्या ज्या कांड्या निघतात त्या मोजण्यात आणि तपासण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा विषय जिवाजवळचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

आतला भाग लाल दाखवतात तो तापलेला आहे हे सांगायला. तो वितळलेला आहे असं नाही. आपल्या पायाखाली ३५ ते ४० किलोमीटर कवच, त्याच्याखाली साधारण २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, आणि हे प्रावरण घन आहे. दगड आहे दगड. लाव्हाचा समुद्र वगैरे खाली कुठेच नाही. खऱ्या अर्थाने पातळ असा थर एकच, तो म्हणजे बाहेरचा गाभा, २९०० पासून साधारण ५१५० किलोमीटरपर्यंत, आणि तो लाव्हा नाही, वितळलेलं लोखंड आणि निकेल आहे. तिथून वर आपल्यापर्यंत काही येत नाही.

आता पोरगी विचारेल की हे कळलं कसं, आत कोण गेलं होतं? कोणीच नाही. रशियात कोला इथे माणसाने सगळ्यात खोल भोक पाडलं ते १२,२६२ मीटर, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर, आणि तळाशी १८० अंश तापमान लागल्यावर काम पुढे सरकेना. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६३७१ किलोमीटर आहे, म्हणजे कवचसुद्धा पार झालं नाही. जे कळलंय ते भूकंपानेच कळलंय, आणि यात भारताचा वाटा मोठा आहे हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. १२ जून १८९७ ला आसाममध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रिचर्ड ओल्डहॅम नावाचा अधिकारी होता, त्याने त्याचा अभ्यास करताना लांबलांबच्या यंत्रांवरच्या नोंदी लावून पाहिल्या आणि दाखवलं की भूकंपाच्या लहरी एकाच जातीच्या नसतात. पहिल्या पोचतात त्या ढकलत जाणाऱ्या, रेल्वेच्या एका डब्याने पुढच्याला ढकलावं तशा. दुसऱ्या मागून येतात त्या आडव्या हलवणाऱ्या, दोरीला झटका दिला की जशी लाट जाते तशा. पुढे १९०६ ला त्यानेच दाखवलं की पृथ्वीच्या पोटात एक वेगळा गाभा आहे.

आता गंमत बघा. आडव्या लहरी द्रवातून जातच नाहीत. घन पदार्थ एका बाजूला ओढला की परत जागेवर येतो म्हणून लाट पुढे जाते, पाणी परत येत नाही, तिथे ती लहर मरते. तर या आडव्या लहरी प्रावरणातून २९०० किलोमीटर आरपार व्यवस्थित जातात आणि गाभ्याशी पोचल्या की थांबतात. म्हणजे प्रावरण घन आणि बाहेरचा गाभा द्रव. लाव्हाचा समुद्र असता तर त्या ३५-४० किलोमीटरवरच मेल्या असत्या. हा पुरावा लेकीला नक्की सांगा, तिला आवडेल.

मग घन आहे तर प्लेटा सरकतात कशा, हा पुढचा प्रश्न येणारच. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं पिंप पाहिलंय ना, थंडीच्या सकाळी हातोडा मारला तर डांबर काचेसारखं फुटतं, पण तेच पिंप आडवं पाडून ठेवा, काही महिन्यांनी बघाल तर पसरलेलं असतं. प्रावरण तसं आहे, भूकंपाच्या धक्क्याला घट्ट आणि लाखो वर्षांच्या उष्णतेला मऊ. वर्षाला काही सेंटीमीटर सरकतं, घन राहूनच.

आणि हो, तरी लाव्हा येतोच ना कुठून तरी. त्याला कुकर आठवा. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर तापतं पण दाबामुळे उकळत नाही, आणि वाफ एकदम सोडली की आतलं पाणी खदखदतं. खालचा दगडही प्रचंड दाबाखाली आहे म्हणून इतका तापूनही वितळत नाही. एखाद्या ठिकाणी तो तापलेला दगड वर वर येतो, दाब कमी होतो आणि मग त्यातला थोडासा भाग वितळतो, तोच शिलारस. आपल्याकडे हे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालं, थरावर थर साचले, तोच आपला काळा पाषाण, सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. पण ती जागा आता आपल्या खाली नाहीच ताई. आपली प्लेट उत्तरेला सरकत गेली आणि ती तापलेली जागा मागे राहिली, आज ती हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बेटांची रांग आहे, ती आपल्या प्रवासाची खूणच आहे.

तुम्ही नांदेडच्या, म्हणून एक सांगतो. एखाद्या रविवारी पोरीला देगलूर-बिलोलीकडे घेऊन जा. तिकडे आपला काळा पाषाण संपतो आणि करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे उघडे दिसतात. काळ्या पाषाणाच्या खाली काय आहे ते तिथे डोळ्यांनी दिसतं. तो ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना. लाव्हा आला तेव्हाही तो म्हाताराच होता.

बोअरचं म्हणाल तर बोअर काही शे फूट जाते, भूकंप होतो तो काही किलोमीटरवर. त्याचा याच्याशी संबंध नाही.

लातूरचं नंतर लिहितो, जेवायला हाका मारताहेत.

औसेकर८३:

लातूरचं मी सांगतो. मी औसा तालुक्यातला, किल्लारीपासून आमचं गाव जवळच. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारला पाच-सात मिनिटं कमी असताना झालं. मला आवाज आधी आठवतो, हलल्याचं नंतर. आमचं दोन खणाचं दगडमातीचं घर, वर माळवद. मी आणि चुलतभाऊ ओसरीवर होतो म्हणून राहिलो. आज्जी आत होती.

यापेक्षा जास्त लिहवत नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं उचलून दुसरीकडं वसवावी लागली.

मला एकच गोष्ट सांगायचीय, आणि ती घाबरवायला नाही. आमच्याकडं पण आधी आवाज येत होते. १९९२ च्या पावसाळ्यापासूनच येत होते, त्या ऑक्टोबरमध्ये चारच्या आसपासचा धक्का पण बसला होता. लोक तक्रार करत होते, आम्हाला तेव्हा सांगितलं गेलं की काळजीचं कारण नाही, जमीन आपोआप शांत होईल. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. म्हणून काळापाषाण सर, तुम्ही लाव्हा नाही म्हणलात ते मनापासून पटलं, पण लाव्हा नाही म्हणजे धोका नाही असं ताईंनी समजू नये असं मला वाटतं. आमच्याकडं पण लाव्हा नव्हताच की.

काळापाषाण:

औसेकर, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी अर्धवट लिहून उठलो त्यामुळे तसा अर्थ निघत होता. ताई, हे त्यांच्या पोस्टला जोडून वाचा.

खाली लाव्हा नाही, खाली दाब आहे. आपली प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटरने उत्तरेकडे जातेय आणि पुढे तिबेट आडवा आहे. किल्लारीला झाला त्याला तीस वर्षं होऊन गेली, तेवढ्यात आपण दीड मीटर, म्हणजे तीन हातांच्या वर सरकलो. हिमालय त्याच रेट्याने उभा राहिला. पण रेटा फक्त पुढच्या टोकाला बसत नाही ना, भरलेल्या बैलगाडीचं चाक दगडाला अडलं की सगळी गाडी करकरते, जू पासून मागच्या फळीपर्यंत. तसा हा ताण सगळ्या प्लेटमध्ये पसरलेला असतो. आणि प्लेट म्हणजे काही एकसंध फरशी नाही, त्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये पूर्वीच्या काळातल्या भेगा आहेत, त्यांना आम्ही भ्रंश म्हणतो. वर काळ्या पाषाणाचं पांघरूण असल्यामुळे त्या दिसत नाहीत. ताण साचत जातो, हजारो वर्षं काही होत नाही, आणि एक दिवस एखादी जुनी भेग सुटते. पुस्तकात कडेला म्हणतात ते बहुतेक भूकंपांबद्दल खरं आहे, सगळ्यांबद्दल नाही.

किल्लारीला नेमकं हेच झालं. दोन्ही बाजूंनी दाबलं गेल्यामुळे एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला. नंतर तिथे ६१७ मीटरची बोअर घेतली, त्यात काळा पाषाण निघाला फक्त ३३८ मीटर, खाली आठ मीटरचा गाळाचा थर आणि मग सरळ जुना खडक. भूकंपाचं केंद्र मात्र त्या सगळ्याच्या खाली, काही किलोमीटरवर. इतक्या उथळ जागी ६.२ चा म्हणजे वरच्या गावांवर थेट घाव. झोन १ हा प्रकार पुढे २००२ ला नकाशातून काढूनच टाकला, लातूर झोन ३ मध्ये गेलं.

आवाजाचं कारणही हेच. भूकंप उथळ असला की त्या पहिल्या ढकलणाऱ्या लहरी जमिनीतून बाहेर पडून हवेत शिरतात आणि आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतात, दूरचा ढग गडगडावा तशा. जिथे फार लहान म्हणजे दोन-अडीचचे भूकंप होतात तिथे हलल्याचं कळत नाही पण आवाज कळतो. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून असेच हजारो लहान धक्के बसले, लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. बऱ्याचदा अशी मालिका विरून जाते. किल्लारीला विरली नाही. आधीच ओळखायची पद्धत आज जगात कुणाकडेच नाही, त्यामुळे मी ताईंना होईल किंवा होणार नाही यातलं काहीच सांगणार नाही.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा, कारण तो गावोगाव ऐकलाय, की छोटे धक्के बसले की ताण निघून जातो म्हणून मोठा येत नाही. रिश्टरच्या आकड्यात एकाने फरक पडला की ऊर्जा साधारण ३२ पट वाढते. ४.५ आणि ६.२ यांत साडेतीनशे पटीचा फरक आहे. म्हणजे हिंगोलीसारखे साडेतीनशे धक्के बसले तर एका किल्लारीएवढी ऊर्जा बाहेर पडेल. लहान धक्क्यांवर विसंबून राहू नका.

पाटण_खोरे:

आम्ही कोयनेचे. इथे धरण झालं म्हणून भूकंप होतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, वडील ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या गोष्टी सांगतात, सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर पार झोपलं. मला विचारायचंय की प्लेटचा रेटा हे खरं कारण असेल तर मग धरणाचा काय संबंध? आणि आमच्याकडे जी खोल बोअर मारली ती लाव्हा शोधायला होती असं एक जण सांगत होता, खरंय का?

काळापाषाण:

नाही हो, लाव्हा शोधायला नाही, भूकंप जन्मतो त्या जागेच्या जवळ जायला. जगात अशी जागा दुर्मिळ आहे जिथे साठ वर्षं एकाच छोट्या टापूत, साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या, सतत भूकंप होतात आणि तेही बहुतेक दोन ते नऊ किलोमीटरवर. म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ प्रयोगशाळा उभी केली आणि गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतली. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण निघाला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट, मधे गाळाचा थर नाही. त्या कांड्या मी हातात घेऊन पाहिल्यात. वरचा खडक आणि खालचा खडक जिथे भेटतात ती जागा, एका बाजूला साडेसहा कोटी वर्षं आणि दुसऱ्या बाजूला अडीचशे कोटी, बोटभर अंतरात. अंगावर काटा येतो.

धरणाचं असं की दोन्ही खरं आहे. जड कपाट कोरड्या फरशीवर ढकलून बघा, हलत नाही. फरशी ओली करा, तेवढ्याच जोराने सरकतं. जोर तुमचाच, पाण्याने फक्त अडकलेलं सुटलं. १९६२ पासून शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला, पाण्याचं वजन तर आहेच पण मुख्य म्हणजे ते पाणी भेगांमधून खोल झिरपतं, भेगेच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात तिथे आतून दाब देतं आणि घर्षण कमी होतं. पावसाळ्यात धरण भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना धक्के वाढतात हे नोंदींत दिसतं. पण भेग आधीच सुटण्याच्या बेतात नसेल तर नुसत्या पाण्याने काही होत नाही, नाहीतर महाराष्ट्रात एवढी धरणं आहेत, सगळीकडे कोयना झालं असतं.

देवरुखची:

मधेच घुसतेय पण राहवलं नाही. आमच्या तालुक्यात तुरळ, राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेत, लहानपणी आजोबांबरोबर आंघोळीला जायचो. पाणी एवढं कढत असतं की एकदम पाय घालवत नाही. खाली लाव्हा नाही तर ते पाणी तापवतं कोण?

काळापाषाण:

छान प्रश्न. कुठेही खाली गेलं की किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. लाव्हा लागत नाही त्याला, पृथ्वीच्या जन्माची उरलेली उष्णता आहे आणि खडकातल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमची सतत मिळणारी उष्णता आहे. कोकणात पाऊस भरपूर आणि समुद्राला समांतर अशा खोल भेगा आहेत. सह्याद्रीवर पडलेलं पाणी त्या भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने पटकन वर येतं. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून तुरळ, राजवाडी, उन्हवरेपर्यंत ही कुंडं जवळजवळ एका ओळीत का आहेत, याचं उत्तर त्या भेगांत आहे. जळगावकडच्या उनपदेवचंही तसंच.

ओळंबा:

सगळं वाचलं. मी सिव्हिल इंजिनिअर, किल्लारीनंतर मराठवाड्यात घरं तपासायच्या कामावर तरुणपणी होतो आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेला नाही. भूकंप थांबवता येत नाही, कधी येणार कळत नाही, तर मग आपल्या हातात काय आहे? घर.

किल्लारीला माणसं घरांनी मारली हे कडू आहे पण खरं आहे. भिंती दोन-दोन हात रुंद, बाहेरून तासलेला दगड, आतून तासलेला दगड आणि मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल. लोकांना वाटायचं जाड भिंत म्हणजे मजबूत. पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेलाच नसायचा, हादरा बसला की बाहेरचा बाहेर आणि आतला आत, माणसांवर. आणि वर माळवद. उन्हाळ्यात थंड राहतं म्हणून चांगलं, पण दरवर्षी गळू नये म्हणून नवीन मातीचा थर टाकतात आणि जुना कोणी काढत नाही, मी गुडघ्याएवढी माती पाहिलीय छपरावर. त्याच गावांत ज्या माळवदांच्या तुळया लाकडी खांबांवर नीट बसवलेल्या होत्या तिथे भिंती पडल्या तरी छप्पर बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून गोदाकाठताई, तुम्ही लिहिलंत ना की माळवदातून माती अंगावर पडली, माझा जीव तिथेच अडकलाय. लाव्हाचं राहू द्या, ते घर कसं आहे सांगा. भिंतीत आडपार जाणारे लांब दगड आहेत का, म्हणजे एकच दगड आतून पण दिसतो आणि बाहेरून पण? कोपरे फाटलेत का? छपरावर माती किती? दार-खिडक्यांच्या वर सगळीकडून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा असेल तर फार उत्तम, जुन्या घरात नसतोच, नव्या बांधकामाला मात्र मिस्त्रीशी भांडून घ्या, खर्च फार नाही आणि तो पट्टा अख्ख्या घराला करदोडा बांधावा तसा बांधून धरतो.

आणि झोपायच्या खोलीत डोक्यावर फळी, फळीवर डबे, हे तर आजच्या आज काढा.

गोदाकाठ:

उशिरा लिहितेय, या शनिवार-रविवारी गावी जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि औसेकर दादा तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. दोरीची आणि रेल्वेची गोष्ट तिने शेजारच्या पोरांना अंगणात दोरी घेऊन करून दाखवली, आणि पाण्याच्या टाकीत दोरी बुडवून हलवून बघितलं की लाट जाते का. रात्री पुन्हा आवाज आला तर उठून बसली, पण रडली नाही, म्हणाली पहिली लहर आली, दुसरी कळलीच नाही, म्हणजे लहान होता. मला हे अपेक्षित नव्हतं.

ओळंबा सर, घर बघितलं. आडपार दगड एका भिंतीत तीन-चार आहेत, बाकी कुठेच दिसले नाहीत. मागच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आहे, सासरे म्हणतात ती जुनीच आहे. माळवदावर पहार घालून बघितली तर हातभर माती लागली. सासऱ्यांना पटवायला वेळ लागला, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर आहे, पण शेवटी ते स्वतःच म्हणाले की माती उतरवू, पेरणीच्या आधी. तोवर रात्री सगळे पुढच्या पत्र्याच्या खोलीत झोपणार.

लेकीचा एक प्रश्न राहिलाय काळापाषाण सरांना. आपण पूर्वी रियुनियनच्या जागी होतो हे कशावरून, नुसत्या बेटांच्या रांगेवरून का? आणि सगळ्यात आतला गाभा परत घन आहे असं पुस्तकात आहे, मधे पातळ आणि पुन्हा आत घट्ट हे तिला पटत नाहीये.

काळापाषाण:

पोरीला शाबासकी द्या माझ्याकडून, टाकीतला प्रयोग फार आवडला.

गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे इंगे लेहमान नावाच्या डॅनिश बाईंनी १९३६ ला दाखवलं, तो घन आहे हे पुढे इतरांनी दाखवलं. गाभ्याच्या आडोशाला जिथे लहरी पोचायलाच नकोत तिथे तिला पुसट नोंदी दिसत होत्या, बाकीच्यांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं, हिने धरून ठेवलं आणि म्हटलं आत अजून एक गोळा आहे, त्यावर आपटून या येतात. घन का, तर तेच कुकरचं. तिथे तापमान पाच हजार अंशांच्या वर आहे, पण दाब आपल्या हवेच्या ३६ लाख पट. एवढ्या दाबाखाली लोखंड वितळूच शकत नाही. थोडं बाहेर दाब जरा कमी, तिथे वितळलेलं राहतं.

आणि त्या वितळलेल्या लोखंडाचाच तिच्या पहिल्या प्रश्नाशी संबंध आहे. ते सतत घुसळलं जातं, त्यातून पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं. लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण होकायंत्राच्या सुईसारखे त्या वेळच्या चुंबकीय दिशेने पक्के होतात. विषुववृत्तावर सुई आडवी राहते, ध्रुवांकडे जावं तशी कलत जाते, म्हणजे कण किती कलले आहेत यावरून खडक कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५० च्या दशकात आपल्या दख्खनच्या खडकावर ही मोजणी झाली आणि उत्तर आलं की हा दगड थिजला तेव्हा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तेव्हा खंड सरकतात हे बऱ्याच शास्त्रज्ञांना मान्यसुद्धा नव्हतं. तिला सांगा, तुमच्या गावच्या देवळाची पायरी काळ्या पाषाणाची असेल तर त्या पायरीत ती दिशा अजून आहे.

ओळंबा:

माती उतरवताय हे वाचून बरं वाटलं. एकच सांगतो, एका बाजूची सगळी काढून मग दुसरीकडे जाऊ नका, भार एकीकडे राहिला तर जुन्या तुळया आणि तो फाटलेला कोपरा दोन्ही सरकतील. कडेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी सारखी, घमेल्या-घमेल्याने, एका वेळी दोनच माणसं वर. आणि काम चालू असताना खाली घरात कोणी नको, म्हाताऱ्या माणसांना तर आधीच अंगणात बसवा. तुळयांची टोकं उघडी पडली की फोटो टाका इथे, वाळवी लागलीय का ते आधी बघू.